तालमीत वाकायचं नाही

“वाकते म्हणू नको. वाक.”

सर असं म्हणाले आणि सगळं सभागृह हसलं.

मी रंगमंचावर उभी होते. जालन्यातल्या एका कॉलेजचं सभागृह. विद्यापीठाच्या नाट्य आणि चित्रपट पदवीची प्रवेश चाचणी चालू होती. समोर खुर्चीत एक मुलगी बसली होती, ती मालकीण. मी तिच्या शेतात राबणारी बाई. प्रसंग सरांनीच दिला होता. जुना काळ. बाईची पोरगी मालकिणीची जनावरं राखते. तिला शाळेत घालायचंय, म्हणून बाई विनवायला आली आहे. “आधी एकदा तालीम करा, मग करून दाखवा,” असं सर म्हणाले होते. तालीम म्हणाले म्हणून मी तालमीसारखी केली. खुर्चीपुढं आले, थांबले, “इथं वाकते” असं म्हणाले आणि पुढचं वाक्य घेतलं.

माझी चूक एवढीच.

“अगं, भात करते म्हटलं की भात शिजतो का?” सर माईकवर म्हणाले. परत हशा. मागच्या रांगेतली पोरं बाक वाजवायला लागली. खुर्चीतली मुलगी पण हसली, पण तिनं लगेच तोंडावर हात धरला. वाईट नव्हती ती.

मी म्हणाले, “सर, तालमीत वाकत नाहीत.”

“कोण नाही वाकत?”

आमच्याकडं, म्हणायचं होतं. पण ‘आमच्याकडं’ म्हटलं की लोक विचारतात, म्हणजे कुणाकडं? आणि आडनाव तर मी आधीच सांगितलं होतं. चाचणीच्या सुरुवातीला सरांनी प्रत्येकाला नाव, गाव विचारलं. मी माझं नाव सांगितलं. “आडनाव?” मी आडनाव सांगितलं. “अच्छा,” सर म्हणाले. त्या ‘अच्छा’नंतर काय येतं ते आमच्या पोरांना बालवाडीपासून कळतं. माझ्या बाबतीत हा प्रसंग आला.

“नटाला लाज नसते,” सर म्हणाले. “नट सगळं करतो. राजा करतो, भिकारी करतो. कळलं?”

मी मान हलवली.

मग ते वर आले. मालकीण झालेल्या मुलीला त्यांनी खांद्याला धरून खुर्चीत नीट बसवलं, हनुवटी वर कर म्हणाले. माझ्याकडं वळले तेव्हा हातातल्या कागदांची गुंडाळी केली आणि ती माझ्या मानेवर टेकवली. हात नाही, गुंडाळी. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की त्यांच्या हातात कागद होते म्हणून. आता तसं सांगत नाही.

“खाली. अजून खाली. कंबरेतून. मान टाक. वर बघू नको, ती बाई वर बघणारच नाही. हात पुढं. ओंजळ कर. अजून.”

मी वाकले. गुंडाळी दाबली गेली की अजून वाकले. रंगमंचाच्या फळ्या दिसत होत्या, त्यांच्या फटीत धूळ होती आणि कुणाच्या तरी केसातली एक पिन. माझे पाय लटपटायला लागले. दातावर दात वाजत होते. घाबरले होते मी. नुसती घाबरले होते. सीट जाईल म्हणून घाबरले, हसतील म्हणून घाबरले, आणि ती गुंडाळी मानेवरून निघणारच नाही असं वाटून घाबरले.

सरांना तो अभिनय वाटला.

“वा! हे थरथरणं ठेव. हेच पाहिजे.” मग ते सगळ्यांकडं वळले. “बघा. हे शिकवावं लागत नाही. रक्तातच असतं. आपण फक्त बाहेर काढायचं.”

टाळ्या पडल्या. खऱ्या टाळ्या, हसणाऱ्या पोरांनीच वाजवल्या. मग सरांनी ते परत करायला लावलं. मग सरांच्या शेजारी परीक्षक म्हणून बसलेल्या मॅडमना मोबाइलवर घेता यावं म्हणून अजून एकदा. प्रत्येक वेळी मी आधीपेक्षा खाली गेले. शेवटी मी “थँक्यू सर” म्हणाले.

आमचं गाव अंबड तालुक्यात, वडीगोद्रीहून थोडं आत. आमची वस्ती बौद्धांची. जयंतीला विहारापुढं फळ्या टाकून स्टेज बांधतात आणि वस्तीतलीच माणसं नाटक करतात. नाटक म्हणजे दरवर्षी तेच, जरा फिरवून. आपण काय होतो, काय झालो. त्यात वाकायची एक जागा असते. ती जागा तालमीत कुणी करत नाही. तिथं आलं की “इथं वाकतो” म्हणायचं आणि पुढं जायचं. हा नियम कुणी घातला ते कुणालाच सांगता येत नाही. लहान लेकरांना तर ते काम देतच नाहीत. अंगाला सवय लवकर लागते, असं बाबा म्हणतात. वाकायचं ते जयंतीच्या दिवशी, सगळ्या वस्तीसमोर, एकदाच. तेही मोठ्या माणसानं, स्वतः होऊन. आणि नाटक संपायच्या आत त्यानं ताठ उभं राहायचं. तसं झालं नाही तर लोक उठत नाहीत.

बाबा अंबडच्या आगारात मेकॅनिक आहेत. एका वर्षी ते काम त्यांनी घेतलं होतं. मी पुढं सतरंजीवर बसले होते. माझा एवढा दांडगा बाप, बसखाली घुसून नट आवळणारा, तो वाकला. वस्ती चिडीचूप झाली. एक म्हातारी मोठ्यानं रडली. कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबा कामावर गेले नाहीत, खाटेवर पडून राहिले. त्यांना ताप नव्हता, काही दुखत नव्हतं. मला तेव्हा कळलं की नाटक ही खोटी गोष्ट नाही, ती माणसाच्या अंगावर येते. मला तेच करायचं होतं. दुसरं काही करायचं मनातच आलं नाही कधी.

बारावी झाल्यावर मी घरी सांगितलं तर आईनं कपाळाला हात लावला. बाबा म्हणाले, “एक डाव जाऊन ये. न्हाई झालं तर मंग नर्सिंग. बिलकुल वाद न्हाई.” मी हो म्हणाले. म्हणून ही सीट म्हणजे माझं सगळंच होतं. ती गेली तर नाटक गेलं. हे डोक्यात घेऊन मी त्या फळ्यांवर उभी होते, आणि म्हणूनच वाकले.

चाचणी दोन दिवसांची होती. पहिल्या दिवशी निवडलेल्यांनी दुसऱ्या दिवशी परत यायचं. माझं नाव सगळ्यांत आधी घेतलं. पोरं माझ्याकडं वळून बघत होती. कुणीतरी म्हणालं, “तुझं तर पक्कंच.” मी हसले.

मुक्कामाला चंदनझिऱ्यात आत्याकडं गेले. बाबांची ही थोरली बहीण, अंगणवाडीत सेविका आहे. बोलायला फटकळ, पण भाकर वाढताना हात सैल. संध्याकाळी ती चुलीशी, म्हणजे गॅसशी, भाकऱ्या थापत होती आणि मी कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसले होते. चाचणीला आलेल्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप केला होता. त्यावर मॅडमनी माझा व्हिडिओ टाकला होता. खाली लिहिलं होतं, ‘सहज अभिनय म्हणजे काय ते पाहा.’ त्याच्याखाली अंगठे, टाळ्या, फुलं.

मी बघत होते आणि मला वाटत होतं की ही दुसरीच कुणीतरी आहे. हिला मी ओळखत नाही. पण ओढणी माझी होती.

“काय बघून राह्यलीस इतकं?” आत्यानं विचारलं.

मी मोबाइल पालथा केला. तिनं हात पदराला पुसला, मोबाइल उचलला आणि बघितला. आवाज चालू होता. ‘रक्तातच असतं’ हे तिनं ऐकलं.

“प्रयोग व्हता का ह्यो?”

“न्हाई.”

“मंग? तालीम?”

मी मोबाइल परत घ्यायला हात पुढं केला. तिला समजलं. तव्यावरची भाकर करपून गेली, धूर झाला, तरी ती तशीच उभी होती. मग तिनं गॅस बंद केला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “असं केल्यानं सीट भेटंल का?”

“भेटंल वाटतं.”

“मंग उद्या बी वाक. जल्दी वाक अन् सीट घेऊन बाहेर ये. डिग्री हातात पडली का मंग तोंड उघड. आधीच उघडलं तर कोण इचारतंय आपल्याला?”

आत्या असं म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. ती माझ्यावर ओरडेल, मला धपाटा घालील, असं वाटलं होतं. मला तिचा राग आला. आणि खरं सांगते, सुटल्यासारखंही झालं. मोठ्या माणसानंच सांगितलं, आता माझ्यावर काही नाही.

पण मग तिनं भाकर ताटात टाकली आणि हळूच म्हणाली, “फकस्त बापाला दाखवू नको.”

चांगलं असतं तर बापाला का दाखवायचं नाही? वस्तीत दहावीचा निकाल दाखवतात, नवीन गाडी दाखवतात. हे का लपवायचं? मी आत्याला विचारलं नाही. तिलाही उत्तर माहीत होतं, मलाही.

दुसऱ्या दिवशी आत्या माझ्यासोबत आली. घरच्यांना मागं बसायची मुभा होती. ती सगळ्यात शेवटच्या रांगेत बसली, अंगणवाडीच्या गणवेशाची साडी नेसून, पिशवी मांडीवर धरून. पुढच्या रांगेत सर, मॅडम आणि एक पाहुणे होते. पाहुणे सिनेमे करतात म्हणून सांगितलं. माझा नंबर आला तसे सर पाहुण्यांकडं झुकले. “ही ती. ग्रामीण भागातली. बघा हं आता.” मग माझ्याकडं बघून म्हणाले, “कालचंच. तसंच.”

मी विंगेत उभी होते. रात्रभर मी ठरवलं होतं की आत्याचं ऐकायचं. वाकायचं, सीट घ्यायची, चार वर्षं शिकायचं. यात काय एवढं? नट सगळं करतो. मी स्वतःला हे इतक्या वेळा सांगितलं होतं की मला ते पटलंही होतं.

मी बाहेर आले. खुर्चीत कालचीच मुलगी होती. तिनं हनुवटी वर केली आणि तिचं वाक्य घेतलं, “काय गं, आज इकडं कशी वाट चुकलीस?”

आणि माझी कंबर वाकायला लागली.

मी वाकवली नव्हती. आपोआप. तिचा आवाज कानावर आला आणि पाठ खाली जायला लागली, मान पडली, हात पुढं झाले, ओंजळ झाली. गुंडाळी नव्हती, सर खाली बसले होते, कुणी दाबत नव्हतं. तरी मी खाली चालले होते. बाबा खरं सांगत होते. एका दिवसात लागली सवय.

मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नाही. काल सीटची वाटली होती, लोकांची वाटली होती. आज माझ्याच पाठीची वाटली. उद्या कुणी आवाज चढवला की ही पाठ मला न विचारताच खाली जाईल. शिक्षकांपुढं जाईल, दवाखान्यात जाईल, कचेरीत जाईल. डिग्री हातात पडेल तेव्हा तोंड उघडायला मी उभी तरी असेन का? हे सगळं त्या अर्ध्या वाकलेल्या अवस्थेत माझ्या डोक्यात आलं, आणि मी थांबले.

ताठ व्हायला मला जोर लावावा लागला. खरंच जोर लावावा लागला.

“सर,” मी म्हणाले. आवाज चिरकला. “मी मालकीण करते. हिला बाई करू द्या.”

“काय?”

“अदलाबदल करा सर. नट सगळं करतो, काल तुम्हीच म्हणाले होते.”

सरांच्या कपाळाला आठी पडली. “दिलाय तो प्रसंग कर. वेळ कमी आहे.”

पाहुण्यांना मात्र गंमत वाटली असावी. “करू द्या की,” ते म्हणाले. “बघू.”

आता सरांना नाही म्हणता येईना. ते खुर्चीतल्या मुलीला म्हणाले, “काय गं, जमेल तुला?”

ती उठली. खाली बघत, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “सर, मला लाज वाटेल. माझ्या घरचे पण आलेत.”

मला वाटलं आता सर तिला सांगतील, नटाला लाज नसते. मी वाट बघत होते.

“बरोबर आहे,” सर म्हणाले. “राहू दे, राहू दे. बस तू.”

ती बसली. कुणी हसलं नाही. ती खोटं बोलली नव्हती, तिला खरंच लाज वाटत होती. मी तिला काहीच म्हणत नाही. तिची लाज सगळ्यांना दिसली, लगेच दिसली, आणि सगळ्यांनी ती जपून धरली. माझी काल सकाळपासून त्या फळ्यांवर पडली होती.

“मला पण लाज वाटते,” मी म्हणाले. “माझ्या पण घरचे आलेत.”

सर अगदी समजावणीच्या सुरात, लहान पोराला सांगावं तसं, म्हणाले, “तुझं वेगळं आहे.”

“काय वेगळं आहे, सर?”

प्रश्न विचारून झाला होता. मॅडम कागद चाळायला लागल्या. पाहुण्यांनी मोबाइल काढला. बाक वाजवणारी पोरं गप्प होती. सभागृहातला पंखा खडखडत होता. मी उभी होते आणि कुणीच सांगत नव्हतं की माझं काय वेगळं आहे. सगळ्यांना माहीत होतं, पण तोंडानं म्हणायची एकाचीही छाती होत नव्हती. मी घाबरलेली होते हे खरं, पण त्या घटकेला तेही घाबरलेले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

“चला,” सर म्हणाले. “पुढचं नाव घ्या.”

मी खाली उतरले. आत्या पिशवी सावरत बाहेर आली. फाटकापाशी तिनं रिक्षाला हात केला.

“गेली ना सीट?” ती म्हणाली.

“गेली.”

“आता तुह्या बापाला काय सांगू मी?” तिनं माझ्या पाठीत जोरात धपाटा घातला. मग त्याच हातानं पाठ चोळली, आणि पदर डोळ्याला लावला. रिक्षावाला विचारत होता कुठं जायचं, तर तिला सांगताच येईना.

माझी निवड झाली नाही. त्या मुलीची झाली. काही दिवसांनी मॅडमचा फोन आला. अभिनय चांगला आहे, म्हणाल्या, पण तू सूचना घेत नाहीस. अभिनयाला नाही, पण नेपथ्याकडं, वेशभूषेकडं एखादी जागा बघता येईल. मागं राहून पण खूप शिकता येतं, म्हणाल्या. मनानं चांगल्याच असतील. कपडे शिवणं, पडदे ओढणं यात मला काही कमी वाटत नाही, माझी आई शिवणच करते. पण मी ज्यासाठी गेले होते ते मागितल्यावर मला मागं पाठवत होत्या, म्हणून मी नको म्हणाले. हाताशी आलेली जागा मी घालवली, वेडी की काय मी, असं वाटत राहिलं. अजूनही कधीकधी वाटतं.

व्हिडिओ मी बाबांना दाखवला. आत्यानं नको म्हटलं होतं तरी दाखवला. कुणीतरी दाखवणारच होतं, त्यापेक्षा मी दाखवलेला बरा. ते कामावरून आले, हातपाय धुतले, ताटावर बसले, तेव्हा मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी शेवटपर्यंत बघितला. मग दुसऱ्या दिवशी काय झालं ते मी सांगितलं. ते ऐकत होते आणि अंगठ्यानं मोबाइलची काच पुसत होते. धुऊनही न निघालेल्या ग्रिसचा डाग पडला होता तिच्यावर.

“नर्सिंगचं काय करायचं?” त्यांनी विचारलं.

“मी नाव घालणार न्हाई.”

“आपलं ठरलं व्हतं.”

“ठरलं व्हतं. पण ती चाचणी माझी झालीच न्हाई, बाबा. त्यायनी माझं काम बघितलंच न्हाई.”

ते रागावले. आवाज चढवला, ताटावरून उठले. मला भीती वाटली. पण पाठ जागची हलली नाही, मी लक्ष ठेवून होते. बाबा माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. आईचा राग वेगळाच, ती बोलत राहते. मी अंबडला एका दुकानात काम धरलंय, उरलेल्या वेळात वस्तीतल्या पोरींना घेऊन नाटक बसवते.

पुढच्या उन्हाळ्यात परत चाचणी आहे. मी जाणार आहे. तेच सर असतील. मला आत्तापासून भीती वाटते. त्यांचा आवाज आठवला तरी तळहाताला घाम येतो. ही भीती जाईल असं कुणी मला सांगू नये, ती गेली नाही तरी मी जाणार. आडनाव विचारलं की मोठ्यानं सांगीन. मला काय करून दाखवायचंय ते मी ठरवून नेईन. नाही म्हणाले तर का नाही, ते सगळ्यांसमोर विचारीन. गप्प बसले तर उत्तर येईपर्यंत तिथून उतरणार नाही. काढून टाकलं तर त्याच्या पुढच्या वर्षी जाईन, मग त्याच्याही पुढच्या. मला प्रवेश पाहिजे, आणि तो उभ्यानं पाहिजे.